कोऱ्या कागदावरची मोहर

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा मराठी घराघरांत ठाऊक आहे. दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे लोकांसाठी खुली करणारे दामाजी, आणि त्यांच्यावर कोपलेला बेदरचा बादशहा. कथेतले हे बेदर म्हणजे कर्नाटकातले आजचे बीदर, बहमनी राज्याची राजधानी. पंधराव्या शतकात आजच्या धाराशिव जिल्ह्याचा मुलूख याच राज्यात होता. सोनारीला काळभैरवनाथाच्या दर्शनाला जाणारे भाविक जवळचा परंड्याचा किल्लाही पाहून येतात. हा भुईकोट बहमनी वजीर महमूद गवान यांनी बांधवून घेतला, असे सांगितले जाते. किल्ला पाहताना हे नाव कानावर पडते आणि खंदक ओलांडून बाहेर आलो की विसरले जाते.

महमूद गवान यांची खरी ओळख मात्र किल्ल्यात नाही. ती बीदर शहरात उभ्या असलेल्या एका अर्धवट पडलेल्या इमारतीत आहे. ही इमारत म्हणजे त्यांनी स्वतःच्या पैशाने उभारलेला मदरसा, त्या काळचे विद्यापीठच म्हणावे असा.

गीलान ते दाभोळ

इराणच्या उत्तरेला, कॅस्पियन समुद्राच्या काठी गीलान नावाचा हिरवागार प्रदेश आहे. तिथल्या कावान या गावी सुमारे 1411 मध्ये महमूद यांचा जन्म झाला. गावाच्या नावावरूनच पुढे ते गवान म्हणून ओळखले गेले. घराणे वजिरांचे. पण दरबारातल्या हेव्यादाव्यांमुळे त्यांना मायदेश सोडावा लागला. दुसऱ्या कुणा राजाकडे नोकरी मागण्याऐवजी त्यांनी व्यापार पत्करला. मालाची ने-आण करता करता शहरे पाहायची आणि प्रत्येक शहरात विद्वान कोण आहे ते शोधून त्याच्यापुढे जाऊन बसायचे, असा त्यांचा क्रम होता. कैरो आणि दमास्कस या विद्येच्या केंद्रांपर्यंत ते गेले. कैरोत तेव्हा इब्न हजर अस्कलानी यांच्यासारखे हदीसचे थोर विद्वान शिकवत होते.

तो काळ समजून घेतला पाहिजे. मंगोलांनी 1258 मध्ये बगदाद उद्ध्वस्त केले आणि इस्लामी जगातली विद्या तिथेच संपली, असा एक समज आहे. प्रत्यक्षात तसे घडले नाही. बगदाद पडल्यानंतर वर्षभरात, 1259 मध्ये, इराणमधल्या मरागा इथे नसीरुद्दीन तूसी यांच्या देखरेखीखाली मोठी वेधशाळा उभी राहू लागली. महमूद गवान लहान होते तेव्हा समरकंदमध्ये तैमूरचा नातू उलुग बेग मदरसा बांधत होता. तिथल्या वेधशाळेत हजाराहून अधिक ताऱ्यांची स्थाने मोजून 1437 च्या सुमारास कोष्टके तयार झाली. हेरातमध्ये कवी जामी होते, शीराजमध्ये तत्त्वज्ञ जलालुद्दीन दवानी होते. विद्येची केंद्रे बदलली होती, विद्या थांबली नव्हती.

दख्खनही या जगापासून तुटलेले नव्हते. बहमनी सुलतान फीरोजशहा (राज्यकाळ 1397 ते 1422) आठवड्यातले तीन दिवस स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत असे. त्यात भूमिती होती, खगोल होता, तर्कशास्त्र होते. त्याने 1407 च्या सुमारास दौलताबादजवळच्या घाटात वेधशाळेचे काम सुरू करवले. ते ज्यांच्यावर सोपवले होते त्या हकीम हसन गीलानी यांचा मृत्यू झाला आणि काम अर्धवट राहिले. ते पुरे झाले असते तर मराठवाड्याच्या मातीत समरकंदच्याही आधी वेधशाळा उभी राहिली असती.

अशा दख्खनेत 1453 मध्ये महमूद गवान आपला माल घेऊन दाभोळ बंदरात उतरले. वय बेचाळीसच्या आसपास. बीदरला शाह मुहिब्बुल्लाह या सूफी संतांची भेट घ्यायची आणि तिथून दिल्लीला जायचे, असा त्यांचा बेत होता. पण बीदरच्या सुलतान अलाउद्दीन अहमदशहाने या व्यापाऱ्याची विद्वत्ता ओळखली आणि त्यांना दरबारात ठेवून घेतले. दिल्ली राहून गेली. पुढची अठ्ठावीस वर्षे त्यांनी दख्खनच्याच चाकरीत घालवली.

वजिरीची वर्षे

पुढचा सुलतान हुमायून याने त्यांना मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, हा किताब दिला. हुमायून 1461 मध्ये वारला तेव्हा गादीचा वारस जेमतेम आठ वर्षांचा होता. राज्याचा कारभार तिघांच्या मंडळाकडे आला. त्यात राजमाता नर्गिस बेगम होत्या, ख्वाजा जहाँ तुर्क होता आणि महमूद गवान होते. निर्णय पडद्याआडून राजमाता घेत आणि हे दोघे ते अमलात आणत. माळव्याच्या सुलतानाने बीदरवर स्वारी केली, तेव्हा गुजरातच्या महमूद बेगड्याची मदत मिळवून हे संकट टळले. त्या मदतीमागे गवान यांची पत्रे होती. पुढे दुसरा मुलगा मुहम्मदशहा लहान वयातच गादीवर आला, ख्वाजा जहाँ तुर्क मारला गेला आणि 1466 पासून राज्याचा सगळा भार महमूद गवान यांच्यावर आला.

ते केवळ पंडित नव्हते. सह्याद्रीच्या जंगलात त्यांनी खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, आणि संगमेश्वर इथल्या राजांशी तीन वर्षे झुंज दिली. 1472 च्या फेब्रुवारीत विजयनगरकडून गोवा घेतले. त्याच वर्षी बेळगावच्या वेढ्यात त्यांनी तटाखाली सुरुंग लावून भिंत उडवली. दख्खनेत बारूद असा वापरण्याचा प्रकार तोवर कुणी पाहिला नव्हता. युद्धात माणसे मरतात, गावे उजाड होतात आणि त्याचा हिशेब विजेत्याच्या नावावरही लिहावा लागतो. गवान त्याला अपवाद नाहीत. त्याच सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौल, जुन्नर करत बीदरला आला होता. सरदार चांदीच्या पालख्यांतून मिरवतात आणि गावाकडची रयत हलाखीत जगते, हे त्याने टिपून ठेवले आहे.

या रयतेकडे आणि माजलेल्या सरदारांकडे गवान यांनी लक्ष दिले. राज्याचे चार मोठे सुभे होते आणि त्यांचे सुभेदार जणू छोटे राजेच झाले होते. गवान यांनी चाराचे आठ सुभे केले. गाविलगड, माहूर, दौलताबाद, जुन्नर ही त्यांतली काही ठाणी. प्रत्येक सुभेदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीचे किल्ले थेट सुलतानाच्या अखत्यारीत आणले. जमिनीची मोजणी करवून सारा ठरवला. सैन्याचा पगार वाढवला, पण कागदावर दाखवलेली माणसे हजर नसतील तर तितकी रक्कम परत घेण्याचा नियम केला. आजच्या भाषेत सांगायचे तर हजेरीपटावरची खोटी नावे काढून टाकली.

दरबारात तेव्हा दोन तट होते. पिढ्यान्पिढ्या इथे राहिलेले ते दख्खनी. इराण, तुर्कस्तानकडून नव्याने आलेले ते आफाकी, म्हणजे परदेशी. एकाच धर्माचे हे लोक एकमेकांच्या जिवावर उठलेले असत. 1447 च्या सुमारास चाकणच्या किल्ल्यात आफाकींची मोठी कत्तल झाली होती. गवान स्वतः आफाकी. तरीही सुभे वाटताना त्यांनी दोन्ही तटांना सारखे वाटे दिले. तेलंगणचा कारभारी मलिक हसन निजामुल्मुल्क हा दख्खनी तटाचा म्होरक्या होता. त्याला त्यांनी दूर केले नाही. पण तेलंगणचे दोन भाग झाले आणि मलिक हसनची सत्ता अर्ध्यावर आली. हा सल त्याच्या मनात राहिला.

तीन हजार ग्रंथ

ज्या वर्षी बेळगावचा तट बारुदाने उडाला, त्याच 1472 मध्ये बीदरचा मदरसा पूर्ण झाला. सुमारे 205 फूट लांब, 180 फूट रुंद, तीन मजली. मधे मोकळे अंगण आणि चारी बाजूंना उंच कमानींची दालने. दर्शनी बाजूला दोन मनोरे, प्रत्येकी सुमारे 130 फूट उंच. विटा-दगडाच्या भिंतींवर इराणी पद्धतीच्या निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या, हिरव्या फरशा जडवलेल्या. बांधणीत समरकंद आणि खुरासानच्या मदरशांची आठवण स्पष्ट दिसते.

आत एक मशीद होती, व्याख्यानांची दालने होती, ग्रंथालय होते, शिक्षकांची घरे होती आणि विद्यार्थ्यांसाठी खोल्या होत्या. राहणे, जेवण, कपडे मोफत. मदरसा म्हटले की आज फक्त धार्मिक शिक्षण डोळ्यांपुढे येते. त्या काळच्या मोठ्या मदरशांत कुरआन, हदीस आणि कायद्याबरोबर व्याकरण, तर्क, तत्त्वज्ञान, गणित आणि खगोलही शिकवले जाई. नमाजाची वेळ काढायला सूर्याची चाल समजावी लागते, वारसाहक्काची वाटणी करायला अपूर्णांक यावे लागतात आणि रमजानचा चंद्र कधी दिसेल हे सांगायला आकाशाचे गणित लागते. त्यामुळे या विद्या एकमेकींपासून वेगळ्या मानल्या जात नसत.

ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती. छापखाना दख्खनेत यायला अजून खूप काळ होता. एकेक प्रत कुणीतरी महिनोन्‌महिने बसून लिहिलेली आणि दूरच्या शहरांतून समुद्रमार्गे, मग बैलांच्या पाठीवरून घाट चढून आणलेली. अशी तीन हजार पुस्तके एका ठिकाणी जमवायला किती पैसा आणि किती धीर लागला असेल, याची कल्पना करता येते.

इमारत आणि पुस्तके पुरेशी नाहीत, शिकवणारा माणूस हवा, हे गवान जाणून होते. त्यांनी दूरदूरच्या विद्वानांना पत्रे लिहिली. हेरातच्या जामींना बोलावले. शीराजच्या दवानींना बोलावले. उतारवयात एवढा प्रवास करायला जामी निघाले नाहीत, पण पत्रव्यवहार चालू राहिला. दवानीही आले नाहीत, पण सुहरवर्दींच्या एका तत्त्वज्ञानविषयक ग्रंथावर लिहिलेले आपले भाष्य त्यांनी महमूद गवान यांना अर्पण केले. शीराजमध्ये बसलेला तत्त्वज्ञ आपला ग्रंथ बीदरच्या वजिराच्या नावे करतो, यावरून तेव्हाच्या दख्खनची पत लक्षात यावी.

गवान यांची पत्रे इस्तंबूलच्या सुलतान मेहमेदपर्यंत आणि गीलानमधल्या आप्तांपर्यंत जात. ही पत्रे रियाज-उल-इन्शा या नावाने संग्रहित आहेत. पत्र कसे लिहावे, शब्द कसे निवडावेत, कुणाला कसे संबोधावे, या कलेवर त्यांनी मनाजिर-उल-इन्शा हा स्वतंत्र ग्रंथही लिहिला. फारसी पत्रलेखनाचे ते जाणकार मानले जात. त्यांचा शेवट एका पत्रानेच झाला.

मोहर

1481 साली सुलतान मुहम्मदशहा पूर्व किनाऱ्याच्या मोहिमेवर होता. दक्षिणेत थेट कांचीपर्यंत जाऊन त्याने तिथली देवळे लुटली होती. पाठीमागे गवान यांच्या विरोधकांनी डाव रचला. गवान यांची मोहर एका हबशी गुलामाकडे असे. त्याच्याशी मैत्री जोडली गेली, भेटी दिल्या गेल्या, दारू पाजली गेली. नशेत त्याने पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर वजिराची मोहर उमटवली. त्या कागदावर मग ओरिसाच्या राजाच्या नावे पत्र लिहिले गेले. सुलतान दारूच्या आहारी गेला आहे, लोक कंटाळले आहेत, तुम्ही चाल करून या, आपण राज्य वाटून घेऊ, असा त्याचा आशय होता.

हे पत्र सुलतानाच्या हाती अशा वेळी देण्यात आले, जेव्हा तो शुद्धीवर नव्हता. त्याने गवान यांना बोलावले. जाऊ नये, घोडे तयार आहेत, गुजरातेत निघून जावे, असे मित्रांनी परोपरीने सांगितले. ते गेले नाहीत. इतकी वर्षे ज्या घराण्याची चाकरी केली त्याच्यापासून पळून जाणे त्यांना मान्य नव्हते. सुलतानाने पत्र पुढे टाकले. मोहर माझी आहे, पत्र माझे नाही, एवढेच त्यांनी शपथेवर सांगितले. सुलतानाने चौकशी केली नाही. पत्र कुणाच्या अक्षरात आहे ते पाहिले नाही, ते कुणाकडून मिळाले ते विचारले नाही. आपल्या जौहर नावाच्या गुलामाला इशारा करून तो आत निघून गेला. 5 एप्रिल 1481 रोजी, सत्तरी गाठलेल्या महमूद गवान यांचा तिथेच शिरच्छेद झाला. आलेली खबर तपासून घेण्याची ताकीद कुरआनच्या हुजुरात या सूरहमध्ये आहे. ती त्या दिवशी त्या छावणीत कुणाला आठवली नाही.

आता वजिराची अफाट दौलत सापडेल, अशी सुलतानाची अपेक्षा होती. त्याने खजिनदाराला बोलावले. पुढे घडलेले इतिहासकार फिरिश्ता याने नोंदवले आहे. खजिनदाराने सांगितले की मालकांचे दोन खजिने होते. एक सुलतानाच्या नावाचा. जहागिरीचे उत्पन्न त्यात येई आणि सैन्य, हत्ती, घोडे यांवर खर्च होई. दुसरा गोरगरिबांच्या नावाचा, त्यात अवघ्या तीनशे लारी शिल्लक होत्या. लारी म्हणजे तार दुमडून केलेले इराणी चांदीचे नाणे. इराणातून येताना गवान यांनी चाळीस हजार लारींचे भांडवल आणले होते. ते व्यापारात फिरवून त्याच्या नफ्यातून रोज बारा लारी ते स्वतःच्या जेवणाखाण्यावर आणि कपड्यांवर खर्च करत. उरलेला नफा आई, नातेवाईक आणि गरजू यांच्याकडे जाई. वजिरीच्या उत्पन्नातला पैसाही त्यांनी स्वतःसाठी घेतला नव्हता. ते चटईवर झोपत, मातीच्या भांड्यांत रांधलेले खात आणि जुम्म्याच्या रात्री वेष बदलून शहरातल्या मोहल्ल्यांत पैसे वाटत फिरत. देणाऱ्याचे नाव घेणाऱ्याला कळू नये, असा त्यामागे हेतू होता. राहिली ती तीन हजार पुस्तके. ती विद्यार्थ्यांची होती.

हे ऐकून सुलतान पस्तावला. प्रेत सन्मानाने बीदरला पाठवले गेले. त्याला पश्चात्ताप फार दिवस सोसावा लागला नाही. वर्ष पुरे व्हायच्या आत, मार्च 1482 मध्ये, तो वारला.

मागे उरले ते

बहमनी राज्य त्यानंतर सावरले नाही. दख्खनी आणि आफाकी यांच्यातला जो समतोल गवान यांनी राखला होता तो त्यांच्याबरोबर गेला. कट रचणारा मलिक हसन 1486 मध्ये मारला गेला. त्याच्या मुलाने अहमदनगरची निजामशाही उभी केली. गवान यांचा आश्रित यूसुफ आदिलखान विजापुरात स्वतंत्र झाला. बघता बघता एका राज्याची पाच राज्ये झाली. परंड्याचा किल्ला निजामशाहीकडे गेला आणि अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर 1600 मध्ये काही काळ त्या राज्याची राजधानीही बनला.

मदरसा मात्र चालत राहिला. 1657 मध्ये औरंगजेबाने बीदर जिंकले. पुढे मदरशाच्या इमारतीत शिपाई राहू लागले आणि काही खोल्यांत बारूद साठवली गेली. 1696 मध्ये त्या बारुदाचा स्फोट झाला. दर्शनी भागाचा मोठा हिस्सा आणि एक मनोरा कोसळला. पुस्तकांची जागा बारुदाने घेतली की काय होते, ते बीदरला अक्षरशः पाहायला मिळते.

आज एकच मनोरा उभा आहे. त्याच्या अंगावरच्या निळ्या फरशा बऱ्याच गळून गेल्या आहेत, तरी उरलेल्या उन्हात चमकतात. विद्यार्थ्यांच्या खोल्या पाहता येतात. भिंतीतले कोनाडे अजून शाबूत आहेत. महमूद गवान यांची कबर बीदर शहराबाहेर आहे. तिच्यावर घुमट नाही. साध्या चौथऱ्यावरची ती साधी कबर आहे. बहमनी सुलतानांच्या भव्य मकबऱ्यांना जाणारे प्रवासी तिच्याकडे क्वचितच वळतात.

रमजानात जकात आणि खैरातीचा हिशेब घरोघरी मांडला जातो. पाचशे वर्षांपूर्वी एका वजिराच्या मृत्यूनंतर त्याचाही हिशेब मांडला गेला होता. त्यात तीनशे लारी निघाल्या, तीन हजार पुस्तके निघाली आणि त्याने न लिहिलेले एक पत्र निघाले.